बडोद्यात दारू सोडणाऱ्यांची मिटिंग शोधताना: फोनपासून खुर्चीपर्यंत

आमच्या बडोद्यात दारूबंदी असल्यामुळे एक वेगळीच अडचण होते. मदत मागायला तोंड उघडावं, तर आधी गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. मुंबईतला माणूस फॅमिली डॉक्टरला सांगू शकतो, ‘रोज तीन-चार पेग होतात.’ इथे तेच वाक्य बोलायला मला एकोणीस वर्षं लागली. मी दांडिया बाजारात वाढलेला मराठी माणूस आहे. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत सातारकडून आले आणि आम्ही इथलेच झालो. गेली अकरा वर्षं मी प्यालेलो नाही. नाव देत नाही, कारण ज्या मंडळींमुळे सुटलो त्यांच्यात छापील मजकुरात नाव न देण्याची रीत आहे आणि ती मला पटते.

हे लिहितोय ते रात्री दीड वाजता फोनवर ‘दारू कशी सोडावी’ असं शोधणाऱ्यासाठी, आणि त्याच्या शेजारी झोपेचं सोंग घेऊन जागी असलेल्या बायकोसाठीही. केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. उरलेले सदतीस आपल्याच सोसायटीत, आपल्याच कचेरीत आहेत, बंदी असो वा नसो.

आधी शरीराचं बघा

मिटिंगचा पत्ता नंतर. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? घोट घेतल्याशिवाय दाढी करता येत नाही, चहाचा कप धरवत नाही, असं होतं का? पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर ‘उद्यापासून थेंबही नाही’ अशी शपथ घरात एकट्याने घेऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. दोन ते चार दिवसांत काहींना भास होऊ लागतात. भिंतीवर किडे दिसतात, माणूस कुठे आहे हे त्याला कळत नाही, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी असू शकते. ‘दारू उतरतेय, झोपू दे त्याला’ म्हणून घरचे थांबतात, आणि थांबणंच महागात पडतं.

यावर औषधं आहेत. डॉक्टर ठरावीक दिवस गोळ्या देऊन, त्यांचं प्रमाण कमी करत, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षित पार करून देतात. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात ओपीडीत केसपेपर काढा. कारेलीबागेचं नाव ऐकून ‘वेड्यांच्या इस्पितळात कसं जायचं’ असं माझ्या आईला वाटलं होतं. तिथल्या बाकावर बसल्यावर कळलं, आमच्यासारखी माणसं आणि त्यांच्या सोबत आलेल्या आया-बायकाच तिथे जास्त होत्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारातच धरतो, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही देतो. जीविताला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर डॉक्टरने ती बाहेर सांगायची नसते. हे मला आधी कळलं असतं तर तीन वर्षं वाचली असती.

बंदीच्या राज्यातली आणखी एक गोष्ट, जी जीव वाचवू शकते. पोटली, म्हणजे पिशवीतली गावठी दारू, किंवा कुठल्या तरी ओळखीतून आलेली दारू प्यायल्यावर काही तासांनी डोळ्यांपुढे धुकं आलं, पांढरं पांढरं दिसू लागलं, पोटात तीव्र दुखलं, श्वास जोरात चालू लागला, तर ते मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, असू शकतं. २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक आणि जुलै २०२२ मध्ये बोटाद-अहमदाबाद भागात चाळीसहून अधिक माणसं अशीच गेली. पोलीस काय म्हणतील याचा विचार न करता १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला खरं सांगा. वेळेत पोचलं तर त्यावर उतारा आहे.

डॉक्टर आणि मिटिंग यांत एक निवडायचं नसतं. गोळ्या सुरू असतानाही मिटिंगला जाता येतं. मी अंगात कापरं असतानाच पहिल्यांदा गेलो होतो.

मिटिंग म्हणजे काय, आणि कोणती

बहुतेकांना सापडते ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे एएची. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि बोलण्याने तो दिवस कोरडा गेला, तिथून ही सुरुवात. भारतात ती १९५७ पासून आहे. सभासद होण्याची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही. खोलीचं भाडं आणि चहा सभासदांच्या स्वेच्छेच्या पैशांतून निघतो. बाहेरच्या कुणाकडून देणगी घेतली जात नाही. म्हणून दारातच कुणी रक्कम मागितली किंवा पॅकेज सांगितलं, तर ती जागा दुसरं काहीतरी आहे.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न मीही केला होता. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए, आणि माणसाला पद्धतशीरपणे एएपर्यंत नेणारे उपचार, इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले. प्रत्येकाला लागू पडेल असं नाही. पण वर्षाला शून्य रुपये लागणारा असा उपाय एकदा करून न बघण्याचं कारण मला सापडलेलं नाही.

व्यसनमुक्ती केंद्र वेगळं. तिथे माणूस काही आठवडे किंवा महिने राहतो. मराठी वाचकांना पुण्याचं १९८६ सालचं मुक्तांगण माहीत असतं, आणि आमच्याकडूनही लोक तिथे जातात. पण ‘केंद्र’ अशी पाटी कुणीही लावतं. दाखल करण्याआधी तीन गोष्टी बघा: कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, आणि घरच्यांना भेटू देतात का. साखळीने बांधून ठेवायला २०१७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई आहे. रात्री गाडी पाठवून ‘उचलून नेतो’ म्हणणाऱ्यांना फोन करू नका.

पत्ता कसा मिळवायचा

एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरानुसार मिटिंगांची यादी असते, तिचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. यादीत बडोदा, वडोदरा आणि इंग्रजीतलं जुनं स्पेलिंग, तिन्ही नावांनी शोधा. आमच्या गावाला इतकी नावं आहेत की नोंद भलत्याच ठिकाणी सापडते. यादीवर मात्र विसंबून निघू नका. गट भाड्याच्या खोलीत चालतात, शाळेच्या वर्गात, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, एखाद्या ट्रस्टच्या जागेत. परीक्षा आल्या की शाळा खोली काढून घेते, वार बदलतो आणि यादी वर्षभर तशीच राहते. म्हणून यादीतून फोन नंबर घ्यायचा आणि बोलून खात्री करायची.

फोन करणं जड जात असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक आहे, आणि १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, चोवीस तास चालणारा. टेली-मानसवर मराठीतही बोलता येतं. त्यांना नुसतं ‘जवळची मिटिंग किंवा केंद्र सांगा’ एवढं विचारलं तरी चालतं. सरकारी ओपीडीतल्या समुपदेशकाला किंवा सोशल वर्करलाही विचारा. कुठला गट खरोखर चालू आहे हे त्यांना बहुधा ठाऊक असतं, कारण गटातली जुनी माणसं वॉर्डात येऊन बसतात.

एएच्या फोनवर बोलणारा माणूस स्वतः पिणारा असतो, म्हणजे होता. हे लक्षात ठेवलं की जीभ सुटते. मी तीनदा फोन लावून कट केला होता. चौथ्यांदा पलीकडून आवाज आला, ‘भाई, तीन वार मिस्ड कॉल आव्यो छे, हवे बोलो.’ मी मराठीत म्हणालो, ‘मला थांबवता येत नाहीये.’ त्याला मराठी येत नव्हतं. पण कळलं.

बोलताना हे विचारून घ्या आणि कागदावर लिहा: वार, वेळ, जागेची खूण (बडोद्यात नुसत्या पत्त्याने कुणी पोचत नाही, टाकी, मंदिर, फाटक अशी खूण लागते), मिटिंग खुली की बंद, बोलणं कोणत्या भाषेत चालतं, आणि पहिल्या दिवशी कुणी फाटकापाशी भेटेल का. बंद मिटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. खुल्या मिटिंगला घरचे, विद्यार्थी, डॉक्टर कुणीही बसू शकतं. पहिल्यांदा बायकोला किंवा भावाला सोबत न्यायचं असेल तर खुलीच निवडा. शेवटचा प्रश्न, फाटकापाशी कोण भेटेल, तो सगळ्यांत महत्त्वाचा. बहुतेक वेळा ‘मीच थांबतो’ असं उत्तर येतं, आणि कुणीतरी आपली वाट बघतंय म्हटल्यावर रिक्षा परत वळवणं अवघड होतं.

ओळखीचं कुणी दिसलं तर?

दिसेल. बडोदा त्या मानाने लहान आहे, आणि आपल्या मराठी मंडळींत तर लग्नाच्या पंगतीत सगळे भेटतात. मला तिसऱ्या मिटिंगला माझ्या चुलत मावशीच्या सोसायटीतले एक काका दिसले. घाम फुटला. त्यांनी नुसती मान हलवली, चहाचा कप पुढे केला आणि पुढच्या गणपतीत मावशीकडे भेटले तेव्हाही फक्त ‘काय, बरा आहेस ना?’ इतकंच विचारलं. तुम्ही त्यांना तिथे पाहिलंत, म्हणजे त्यांनीही तुम्हाला तिथेच पाहिलं; दोघांचं गुपित एकच.

कायद्याची भीती खरी आहे, म्हणून नीट सांगतो. परमिटशिवाय पिणं आणि बाळगणं इथे गुन्हा आहे. मिटिंगला बसणं हा गुन्हा नाही. तिथे हजेरीपट नसतो, आडनाव विचारत नाहीत, आधार कार्ड मागत नाहीत. हवं तर नुसतं पहिलं नाव सांगा. कुणाकडून आणता, कितीला मिळते, असं तिथे कुणी विचारत नाही आणि तुम्हीही कुणाचं नाव घेऊ नका. पिऊन झालं असेल तरी या, शांत बसा; फक्त गाडी चालवत येऊ नका आणि खिशात काही ठेवू नका.

तो पहिला तास

मी पहिल्या खेपेला समोरच्या चहाच्या टपरीवर चाळीस मिनिटं उभा राहिलो आणि घरी गेलो. दुसऱ्या खेपेला फाटकाला कुलूप होतं, जागा बदलली होती. त्या कुलपासमोरचा क्षण फार वाईट असतो: ‘मी तर गेलो होतो’ हे निमित्त मनात तयार असतं आणि पाय अड्ड्याकडे वळतात. माझेही वळले. म्हणून निघण्याआधी दुसरा फोन नंबर खिशात ठेवा आणि त्याच रात्रीची एक ऑनलाइन मिटिंग बघून ठेवा. कुलूप दिसलं तर तिथल्या तिथे फोन लावायचा, घरी जाऊन नव्हे.

तिसऱ्या खेपेला आत गेलो. दहा मिनिटं आधी जा. उशिरा गेलं की सगळी डोकी वळतात. साधारण तास-दीड तासाचा कार्यक्रम असतो. एक जण मिटिंग चालवतो, सुरुवातीला प्रार्थना आणि थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपलं सांगतो. त्याला सगळे ‘शेअरिंग’ म्हणतात. कुणी कुणाला मध्येच अडवत नाही, सल्ला देत नाही, हिशेब मागत नाही. तुमच्यावर पाळी आली तर ‘आज ऐकतो’ एवढं म्हणणं पुरेसं आहे. मी दोन महिने ऐकतच होतो. मध्ये थैली किंवा डबा फिरतो. पहिल्या दिवशी त्यात काही टाकलं नाही तरी चालतं. शेवटी उभं राहून हात धरून प्रार्थना होते. हे मला अवघड गेलं, पण कुणाचा तरी कोरडा, उबदार हात धरला होता एवढं आठवतं.

देवाचा उल्लेख येतो म्हणून काही जण बिचकतात. एएच्या दारू सोडण्याच्या पावलांमध्ये, म्हणजे ज्यांना ‘बारा पायऱ्या’ म्हणतात त्यांत, ‘आम्हाला जसा समजला तसा देव’ असंच म्हटलंय. आमच्या गटात एक नियमित आळंदीला जाणारे आहेत, एक मुस्लिम भाई आहेत, आणि एक जण ‘माझा देव म्हणजे ही खोली’ म्हणतो. तरीही नकोच वाटलं तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाचा संदर्भ नसलेले गट ऑनलाइन आहेत. खोली सोडा, पण माणसं सोडू नका.

भाषेचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. इथल्या मिटिंगा गुजरातीत आणि हिंदीत चालतात. आपल्याला दोन्ही येतात, त्यामुळे अडत नाही. उलट मला सुरुवातीला गुजरातीत बोलणंच सोपं गेलं. ‘हुं दारू पीतो हतो’ हे वाक्य जणू दुसऱ्याच कुणाचं होतं. पण वडिलांच्या तेराव्याला मी पिऊन पडलो होतो, ते सांगायची वेळ आली तेव्हा गुजराती शब्दच येईनात. ती लाज मराठीत होती. गटप्रमुख म्हणाले, ‘मराठीमां बोलो.’ मी बोललो, निम्म्यांना अर्ध कळलं असेल, सगळे रडले. तेव्हा संकोच करू नका, भाषा बदला. आणि मराठीतूनच ऐकावं असं वाटलं तर मुंबई-पुण्याकडच्या मराठी मिटिंगांत ऑनलाइन बसता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही सोय चांगलीच रुळली. कॅमेरा बंद ठेवता येतो. रिफायनरीत किंवा इतर कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांना तर याचा फारच उपयोग आहे. बायकांनाही. पिणारी बाई इथे पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटी जाऊ धजत नाही, तिने फोनवर आधी स्त्री सभासदाशीच बोलायचं आहे असं सांगावं आणि फक्त स्त्रियांची ऑनलाइन मिटिंग विचारावी.

घरच्यांसाठी

वहिनी, ताई, आई, हे तुमच्यासाठी. त्याच्या वतीने मिटिंग शोधा, नंबर लिहून फ्रिजवर लावा, पण त्याच्या जागी तुम्ही बसू शकत नाही. तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना १९५१ पासून आहे, पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची. तो थांबला असो वा नसो, तुम्ही जाऊ शकता. माझी बायको माझ्याआधी सात महिने ऑनलाइन जात होती. एक दिवस तिने माझ्या कंपनीत ‘ताप आलाय’ असा फोन करायला नकार दिला, शांतपणे, न भांडता. चौथ्या वेळी लावलेला तो फोन मी त्याच आठवड्यात केला.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. भाजीत, चहात त्याला न सांगता ‘दारू सोडवायची गोळी’ मिसळणं. ती बहुधा डायसल्फिराम असते. ती पोटात असताना माणूस प्याला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. जाहिरातीतली बिननावाची पावडर तर मुळीच नको.

त्यानंतरचे आठवडे

एका मिटिंगवरून ठरवू नका. शहरात दोन-तीन गट असतील तर सगळीकडे जाऊन या; एखाद्यात आवाज फार, एखाद्यात सगळेच म्हातारे, एखाद्यात बसल्या बसल्या आपलंसं वाटतं. जुनी मंडळी ‘नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा’ म्हणतात. बडोद्यात रोजची प्रत्यक्ष मिटिंग जमेलच असं नाही, मधले दिवस ऑनलाइनने भरून काढायचे. काही आठवड्यांत ज्याचं बोलणं पटतं अशा जुन्या सभासदाला ‘माझे स्पॉन्सर व्हाल का’ असं विचारा. पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने स्त्रीला, ही पद्धत. स्पॉन्सर म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद; तो पैसे घेत नाही आणि उसनेही देत नाही. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यालात, तर दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगा. दोन महिने झाल्यावर माझी झाली होती. खुर्ची तिथेच होती.

आपल्यासारख्यांना धोका असतो तो गावाबाहेर. मुंबईतलं लग्न, दमणची कंपनीची सहल, उदेपूरचा वीकेंड. बंदीच्या राज्यातून बाहेर पडलं की दर चौकात दुकान दिसतं आणि नातेवाईक म्हणतात, ‘इथे तरी घे.’ म्हणून रेल्वेचं तिकीट काढाल त्याच दिवशी त्या गावची मिटिंग शोधा, तिथल्या एखाद्या सभासदाचा नंबर घ्या. मुंबईत तर दिवसभरात किती तरी मिटिंगा असतात. भाच्याच्या लग्नात दादरला हळद चालू असताना मी तासभर बाहेर पडलो, मिटिंगला बसलो आणि सीमांतपूजनाला परत आलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि जमेल तितक्या लवकर गटात एक काम मागून घ्या. चहा करा, पुस्तकं मांडा. मला खुर्च्या मांडायचं काम दिलं होतं. किल्ली माझ्याकडे असायची, म्हणून पाऊस असो, उत्तरायण असो, मला अर्धा तास आधी पोचावंच लागायचं. सतरा खुर्च्या. दाराशेजारची एक जादा मांडायची, उशिरा येणाऱ्यासाठी.